दसरा ते भाऊबीज: दुडूदुडू चालणारं पोर घेऊन सातारा-सांगलीकडे सणाला जाताना

सणाला गावी जायचा बेत ठरतो तो सुट्टी, गाडी आणि कुणाकडे कधी जेवायचं यावरून. पोराचा विचार पिशवी भरताना होतो. एक ते तीन वर्षांचं लेकरू बरोबर असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो: आधी त्याची झोप, मग बाकीचं सगळं. दुसरी गोष्ट पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटेल. पंधरा माणसांच्या भरल्या घरात पोराकडे बघायला बऱ्याचदा कुणीच नसतं. आजीला वाटतं आईजवळ आहे, आईला वाटतं आत्यानं घेतलंय, आणि पोर एकटं न्हाणीघरात. खालची बहुतेक खबरदारी या एका गोष्टीभोवती फिरते.

कुठला सण कुठं

दसरा ते भाऊबीज हे जवळपास तीन आठवडे. दोन्हीला दोन-दोन दिवस धावतपळत जाण्यापेक्षा एकाच सणाला चार-पाच रात्री राहणं पोराला सोसतं. नव्या घरात पहिल्या दोन रात्री झोप मोडतेच, तिसऱ्या रात्री पोर रुळतं. दोन रात्रींत परत फिरलात तर वाट्याला फक्त किरकिर येते.

दिवाळीत लक्ष्मीपूजन सासरी आणि भाऊबीज माहेरी अशी रीत असेल, तर घर बदलायचा दिवस पाडवा धरा. पाडव्याला सकाळी ओवाळणं आणि जेवण उरकून दुपारच्या झोपेच्या वेळेला निघा. कराडहून सांगली किंवा साताऱ्याहून विटा हे अंतर पोराच्या एका झोपेत बसतं. संध्याकाळचं निघणं टाळा. पोर कंटाळलेलं असतं, आणि गळीत हंगाम सुरू झाला असेल तर आष्टा, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर), पलूस, कोरेगाव भागात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा असेलच असं नाही, आणि उसाचे शेंडे बाहेर लोंबणारे.

वाटेत

पुण्याहून साताऱ्याला साधारण ११० किलोमीटर आणि सांगलीला पेठ नाका-इस्लामपूरमार्गे २३० च्या आसपास. सणाच्या आदल्या दिवशी खेड-शिवापूर टोलनाका आणि खंबाटकी घाट या दोन ठिकाणी वेळ जातो. पहाटे पाचला पोराला झोपेतच उचलून गाडीत ठेवलं, तर घाट चढून होईपर्यंत ते झोपेत असतं. मग सुरूर-पाचवडच्या आसपास थांबून दूध, डायपर, पाय मोकळे. सांगलीला जाणाऱ्यांनी कराडच्या पुढं आणखी एक थांबा घ्यावा. दोन तासांपेक्षा जास्त सलग बसवू नका.

पोर मांडीवर नको, चाइल्ड सीटमध्ये. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. पण खरं कारण दंड नव्हे. अचानक ब्रेक लागला की दहा किलोचं पोर कुठल्याही आईच्या हातात राहत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर तर अजिबात बसवू नका. घाटात उलटी होणारं पोर असेल तर निघण्याआधी भरपेट दूध पाजू नका. अर्धी पोळी किंवा दोन-तीन बिस्किटं पुरतात.

एसटीत आणि रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट नाही, पण जागाही नाही. म्हणून दोघांचं आरक्षण असेल तर शेजारशेजारचंच घ्या आणि एक खिडकीकडचं. रेल्वेनं साताऱ्याला उतरणार असाल तर स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. न्यायला कोण येणार हे आधी ठरवा. आणि तो मोटारसायकल घेऊन येणार असेल तर रिक्षाच बरी. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. गावाकडं यातलं काहीच पाळलं जात नाही. पुढं टाकीवर पोर आणि मागं बॅग ही वरात दिसायला गोड दिसते, इतकंच.

पोचल्यावरचा पहिला अर्धा तास

चहा नंतर. आधी एकानं पोराला घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं घरभर, गोठ्यापासून गच्चीपर्यंत, गुडघ्यावर बसून बघायचं. पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर काय दिसतं ते उभ्यानं कळत नाही.

पाणी सगळ्यात आधी. न्हाणीघरातली भरलेली बादली, अंगणातला हौद, झाकण नसलेलं बॅरल. अर्धी बादली पाण्यातसुद्धा दीड वर्षाचं पोर डोक्यावर पडलं तर त्याला वर येता येत नाही, कारण डोकं जड आणि हातात बळ कमी. ओरडणंही ऐकू येत नाही. बादल्या पालथ्या, न्हाणीघराला बाहेरून कडी. शेतात घर असेल तर विहिरीपेक्षा शेततळं जास्त घात करतं. प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण नसलेल्या शेततळ्याच्या बाजूला पोराला घेऊन फिरायला जाऊ नका.

मग औषधं. आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या उशाशी किंवा खिडकीत असतात. एकाच डब्यात भरून कपाटाच्या वरच्या फळीवर. तासगाव, मिरज, खानापूर भागात द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या जोरात असतात. त्यामुळे कीटकनाशकं, घड औषधात बुडवायची (डिपिंगची) भांडी आणि फवारणीचे कपडे घराजवळ येतात. थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध किंवा रॉकेल हा प्रकार आजही दिसतो. असली बाटली दिसली की घरच्या कर्त्या माणसाला स्पष्ट सांगा. भिडेखातर गप्प बसू नका. पोरानं यातलं काही प्यालं तर ओकायला लावू नका. बाटली बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

शेवटी अंथरूण-पांघरूण. रचून ठेवलेल्या वाकळा झटकून उन्हात घाला, चपला-बूट उपडे करून आपटा. पावसाळ्यानंतर विंचू अशाच जागी बसतो. लहान पोराला विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं, तर उतारा-मंत्र करत न बसता सरकारी रुग्णालय. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगली-मिरजेकडे सांगलीतलं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. गाडी नसेल तर १०८.

पोर हवाली करायची रीत

"जरा बघ गं याच्याकडं" असं हवेत बोलून निघून जायचं नाही. नाव घ्यायचं, पोर हातात द्यायचं, वेळ सांगायची: "वहिनी, पंधरा मिनिटं तुमच्याकडं, मी अंघोळ करून येते." समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आणि तिला मध्येच उठायचं असेल तर तिनंही तसंच तिसऱ्याच्या हातात द्यायचं. पहिल्या दिवशी लोक हसतात, दुसऱ्या दिवशी सगळेच तसं करायला लागतात. आठ-दहा वर्षांच्या चुलत भावंडांना खेळवायला द्या, राखायला नको. आणि पूजा, पंगत, फोटो आणि पाहुण्यांना निरोप देणं या चार वेळा ठरलेल्या माणसाशिवाय काढू नका. त्यातही निरोप. सगळे गेटापाशी, गाडी मागं घेतली जातेय आणि पोर चाकामागं. गाडी सुरू व्हायच्या आधी पोर कडेवर.

नवरात्र आणि दसरा

घट जमिनीलगत असतो. माती, उगवलेलं धान्य, तेवणारा नंदादीप आणि वर बांधलेल्या कडाकण्या (तळलेल्या कडक पुऱ्या), म्हणजे पोराला यापेक्षा मोठं आमिष नाही. देवघराला दार नसेल तर उंबऱ्यात पाट आडवा लावा. नंदादीपाला काचेची चिमणी घाला. तेलाची बाटली आणि काडेपेटी देव्हाऱ्याच्या खाली नको, वर. पोराला वेगळ्या ताटलीत माती आणि मूठभर गहू द्या. त्यात त्यानं दिवसभर हात घातले तरी घट शाबूत राहतो.

खंडेनवमीला कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड धुऊन-पुसून ओळीनं मांडतात. रात्री ती तशीच राहतात. पोराच्या उंचीवर धारदार वस्तूंचं दुकानच. पूजा पाटावर न मांडता टेबलावर किंवा कट्ट्यावर मांडायला सांगा. शस्त्रांची पूजा उंचावर केली म्हणून कुणाचा देव कोपत नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण पोराच्या हातात आपट्याचं पान देतो, आणि पोर ते तोंडात घालतं. पान कोवळं नसतं. तुकडा टाळ्याला चिकटतो आणि मग ओकारी. गळ्यात छोटी कापडी पिशवी अडकवा आणि पान त्यात टाकायचा खेळ शिकवा. पानाबरोबर "खाऊला" म्हणून नाणं हातात पडतं ते मात्र लगेच काढून घ्या. नाणं घशात अडकू शकतं.

फराळ: काय द्यायचं, काय नाही

फराळाच्या ताटात चिवडा सगळ्यात धोक्याचा. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, काजू हे सगळं त्यात असतं आणि पोर मूठ भरून तोंडात कोंबतं. पहिली दाढ साधारण १३ ते १९ महिन्यांत येते, मागची दाढ दोन-अडीच वर्षांच्या आसपास. दाढा आल्या तरी चावून बारीक करायची सवय लागायला वेळ लागतो. पुढच्या दातांनी शेंगदाण्याचे दोन तुकडे होतात आणि अर्धा दाणा श्वासनलिकेत बरोबर बसतो. चार वर्षांपर्यंत अख्खा दाणा द्यायचाच नाही. वेचून देतो म्हणू नका, एक राहतोच.

पोराचा चिवडा वेगळा करायला दहा मिनिटं लागतात. एक वाटी पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून घ्या. चमचाभर तुपात चिमूट हळद, पाव चमचा जिरेपूड, किंचित मीठ घालून पोहे परता. उतरवल्यावर एक चमचा दाण्याचं बारीक कूट आणि अर्धा चमचा पिठीसाखर. कढीपत्ता नको. त्याचं पान घशात आडवं बसतं. हाच चिवडा दह्यात भिजवून दिला तर दीड वर्षाच्या पोराचं पोटही भरतं. दाण्याचं कूट आधी कधी दिलेलं नसेल तर ते घरीच, सणाच्या आठवडाभर आधी देऊन बघा. अंगावर गांधी उठते का ते गावी जाऊन कळायला नको.

चकली आणि कडाकणी कडक असतात आणि मोडल्यावर टोक धरतात. द्यायचीच तर दुधात मऊ करून. बेसनाचा लाडू टाळ्याला घट्ट चिकटतो, वाटाण्याएवढा तुकडा आणि मागं पाणी. रव्याचा लाडू बरा, बेदाणा काढून कुस्करून. शंकरपाळी दुधात भिजवा. करंजीतलं सारण कोरडं असतं, पोर ठसकतं. तेही दुधाबरोबर. लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या प्रसाद म्हणून हातावर येतात. त्यांचं टरफल घशाला चिकटून पोर तासभर खोकत बसतं. बत्तासा विरघळतो, तो चालेल. ओवाळणीच्या ताटातली सुपारी काढून ठेवा, किंवा ताट पोराच्या हाताला लागणार नाही इतकं लांब धरा.

याच दिवसांत सीताफळं येतात. पोराला गर आवडतो. बिया गिळल्या तर अडकतात आणि चावून फुटल्या तर विषारी असतात, म्हणून गर चाळणीवर घासून बिया पूर्ण काढूनच द्या.

जेवणात खरी अडचण तिखटाची. इकडच्या आमटीत कांदा-लसूण मसाला पडतोच, आणि "थोडंसंच आहे" म्हणणाऱ्याची जीभ मेलेली असते. उपाय एकच: मसाला पडायच्या आधी वाटीभर वरण आणि भाजी बाजूला काढून ठेवा. हे काकींना आदल्या दिवशी सांगा, पानं वाढताना नव्हे. पुरणपोळी मात्र पोरांचं हक्काचं जेवण. दुधात कुस्करून, तुपाची धार सोडून, दुपारी. रात्री पुरण दिलं तर पोट गुबारून पोर दोन वाजता उठवतं.

घास अडकला तर:

१. पोर खोकतंय, रडतंय, आवाज येतोय, तर खोकू द्या. पाठ थोपटू नका, पाणी पाजू नका.

२. आवाज बंद, श्वास घेता येत नाही, ओठ निळे: पोराला पुढं वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोराचे धपाटे.

३. निघालं नाही तर मागून धरून बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून आत-वर असे पाच दाब. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब कधीच नाही. त्याला छातीच्या मध्यावर दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेनं पाच दाब.

४. पाच-पाच असं चालू ठेवा, दुसऱ्यानं १०८ लावायचा. पोर निपचित पडलं तर जमिनीवर उताणं ठेवून छातीदाब सुरू करायचा.

दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालू नका. ती आणखी आत जाते. घरातल्या निदान दोघांना हे निघायच्या आधी येत असावं.

अभ्यंगस्नान, पणत्या, फटाके

नरक चतुर्दशीला पोराला पहाटे चारला उठवायची गरज नाही. मोठ्यांची अंघोळ पहाटे, पोराची ऊन आल्यावर साडेआठ-नऊला. तेल कोमट, उटणं आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितलेलं. लाली आली तर नुसतं बेसन-दूध. बंबातलं पाणी थेट घंगाळात ओतताना पोर जवळ नको. आधी गार पाणी, मग कढत, आणि कोपर बुडवून बघा. तेल लावलेलं पोर हातातून सटकतं, म्हणून उचलताना टॉवेलात गुंडाळूनच.

पणत्या कट्ट्यावर, तुळशीवृंदावनावर, खिडकीत. अंगणात रांगोळीभोवती लावायच्याच असतील तर पोर झोपल्यावर. बॅटरीवरच्या पणत्या सुरक्षित वाटतात, पण त्यांच्यात बटण-सेल असतो. स्क्रू नसलेलं झाकण पडल्यावर उघडतं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम करतो. शंका आली तरी थांबू नका, एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा.

फुलबाजी "निरुपद्रवी" नाही. तिची तार हजार अंशांच्या घरात तापते. तीन वर्षांपर्यंत हातात देऊ नका. विझलेल्या तारा वाळूच्या बादलीत, कारण अनवाणी पोराचा पाय विझलेल्या तारेवरच पडतो. धुरात सगळ्यात वाईट नागगोळी. आवाजाचे फटाके वाजायला लागले की पोराला आतल्या खोलीत, पंखा लावून. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीत रात्री ८ ते १० हीच वेळ ठरवून दिली, पण गल्लीत ती कुणी पाळत नाही. त्यामुळे पोराची झोप लागायची वेळ त्या दिवसांत अर्धा-पाऊण तास पुढं-मागं होणार हे धरूनच चाला. कपडे सुती. जरीच्या खणाच्या परकराखाली मऊ बनियन घाला, नाहीतर काखेत लाल चट्टे.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही नको.

किल्ल्याचं काय? मोठी पोरं अंगणात किल्ला करतात आणि धाकटं तो पाडतं, मग रडारड. किल्ल्याशेजारी पोराला मातीचा स्वतंत्र ढीग आणि दोन जुने मावळे द्या. सैनिक बोटभर तरी मोठे बघा.

भेटीगाठी

दिवसाला दोन घरं, तिसरं नाही. सकाळी दहा ते साडेअकरा एक, संध्याकाळी पाच ते साडेसहा दुसरं. मधली दुपार झोपेची. फोनवरच सांगून टाका: "मामी, चहाला येतो, जेवायला नाही, पोराच्या झोपेची वेळ होते." आयत्या वेळी नाही म्हटलं तर रुसवा होतो, आधी सांगितलं तर होत नाही.

घरात शिरल्याशिरल्या पोर कुणाच्या हातात देऊ नका. पंधरा मिनिटं कडेवर, मग मांडीवर, मग आपोआप उतरतं. ओढून घेणाऱ्या आत्याला "आत्ताच झोपेतून उठलाय, जरा रुळू दे, मग तुझ्याकडंच येतो" एवढं पुरतं. सर्दी झालेल्या पाहुण्यानं मुका घेऊ नये हे सांगायला आजोबांचा आवाज वापरा, सुनेच्या आवाजानं वाद होतो. काजळ डोळ्यात नको. तळपायाला किंवा कानामागं तीट लावली तर आजीचंही समाधान होतं. मीठ-मोहरीनं दृष्ट काढून ती चुलीत टाकताना पोर दुसऱ्या खोलीत असू द्या.

वसुबारसेला गाय दाखवायची तर बाजूनं, मागून नाही. वासराच्या आणि गायीच्या मध्ये पोर उभं करून फोटो काढू नका. गरीब गायसुद्धा वासरावरून शिंग उगारते.

भाऊबीजेला अडीच वर्षांची बहीण भावाला ओवाळणार असेल तर ताट मोठ्यानं धरायचं आणि तिचा हात फक्त टेकवायचा. निरांजन चेहऱ्यापासून हातभर लांब. पोर अचानक पुढं झुकतं.

औषधाची पिशवी

थर्मामीटर, ओआरएस (एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच, अर्ध्या पुडीचा अंदाज नको), पॅरासिटामॉल, लसीकरणाचं कार्ड. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. इथं गडबड होते ती बाटलीवरून. दहा किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब दीड मिली लागतात, ५ मिलीत २५० असलेलं सिरप तीन मिली. थेंब संपले म्हणून गावातून सिरप आणलं आणि माप तेच ठेवलं, की डोस चुकतो. आपल्या डॉक्टरांकडून बाटलीच्या नावासह मिलीमध्ये लिहून घ्या. खोकल्याचं औषध दुकानातून आणू नका. दोन वर्षांखाली ते द्यायचंच नाही आणि पाच वर्षांखालीही सहसा नाही, अशी केंद्राची २०२५ ची सूचना आहे.

पाणी उकळलेलं, स्वतःच्या बाटलीत. मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. कपड्यांत पातळ सुती, एक स्वेटर आणि परतीच्या पावसासाठी छत्री, तिन्ही लागतात. वाई-पाटणकडे पहाट गार असते आणि माण-खटावला दुपारी ऊन चटकतं.

परतताना

भाऊबीजेच्या संध्याकाळी पुण्याकडे निघू नका, खंबाटकीच्या बोगद्यापासून खेड-शिवापूरपर्यंत गाड्यांच्या रांगा लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. फराळाचे डबे मागच्या सीटवर मोकळे ठेवू नका, डिकीत घाला, नाहीतर वाटेत कुणीतरी मागं वळून पोराच्या हातात चकली देतंच. घरी आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गावी गेल्याचं, डास चावल्याचं आणि कुठलं पाणी प्यालं ते आपणहून सांगा.